मुरवलेली टिकली

मिसबाच्या हृदयात खोट निघाली त्या दिवशी मंडळात सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला. माझा स्वभावच तसला. डोकं आधी तापतं, अक्कल मागनं चालत येते.

"यंत्र फुटकं आहे तुमचं," मी कुरणेमास्तरांना म्हणाले. "एकोणीस वर्षांची पोरगी ती. दंडोबाच्या चढावर माझ्या मागच्या चाकाला चिकटून येते आणि वर पोचल्यावर दमलीय की नाही ते विचारावं लागतं. हिचं हृदय नाजूक? मग माझं काय बिडाचं आहे?"

मास्तर आमचे प्रशिक्षक. तीस वर्षं सांगलीत सायकलचं दुकान चालवून वर मंडळ सांभाळणारा माणूस, उगाच तोंड उघडत नाही. त्यांनी टॅब माझ्यापुढं सरकवला. त्यावर लाल पट्टी आणि तिच्याखाली नाव होतं, मिसबा मुजावर, मिरज. महासंघाचा लाल शेरा. म्हणजे देशातल्या कुठल्याही नोंदणीच्या शर्यतीत हिला आता उतरता येणार नव्हतं.

मिसबा माझ्याशेजारीच उभी होती, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पण मला तर काहीच होत नाही, ताई."

मी तेजस्विनी मगदूम. वय चौतीस, कृष्णाकाठ सायकल मंडळाची कप्तान. राष्ट्रीय संघाच्या यादीतून दोनदा एका जागेनं हुकलेली. यंदाची निवड एकाच शर्यतीवर होती, चिपळूण ते कोयनानगर, मध्ये कुंभार्ली घाट. पहिल्या तिघी आशियाई स्पर्धेला जाणार. त्या तिघींत मी असणार हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि घाटात मिसबानं पुढं राहून माझ्यासाठी वारा तोडायचा हेही. पुढच्या वर्षाची आशा मी धरत नव्हते.

टिकलीचं सांगायला हवं. पूर्वी आमच्यात एक ढोबळ हिशेब असायचा. दोनशेवीसमधून वय वजा करा, जे उरेल तेवढे ठोके मिनिटाला, त्यापुढं जायचं नाही. म्हणजे माझे एकशे शहाऐंशी. माझ्या वयाच्या झाडून सगळ्या बायकांचेही एकशे शहाऐंशीच, मग ती घाट चढणारी असो की दुपारभर लोळणारी. टिकलीनं हा हिशेब मोडीत काढला. एक रुपयाच्या नाण्याएवढी ती चकती डाव्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची. ती नुसते ठोके मोजत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर, प्रत्येक ठोक्याच्या विजेच्या लहरीचा आकार, घामातलं मीठ, चढ संपल्यावर हृदय किती वेळात निवतं, हे सगळं वाचते. पहिल्या दोन दिवसांत ती पाया घालते, हे हृदय मुळात कसं आहे ते ठरवते. पुढचे सहा दिवस त्यावर बांधकाम. मग तुमची मर्यादा सांगते. त्यानंतर तुमच्या हँडलवर दिवा. हिरवा असला तर चालू द्या, पिवळा झाला तर जपून, आणि लाल दिव्यात दोन मिनिटं राहिलात तर पंचांची मोटरसायकल येऊन तुम्हाला उतरवते. पहिल्या दोन दिवसांच्या त्या पायाभरणीतच धोका दिसला, तर मर्यादा मिळतच नाही. मिळतो तो लाल शेरा.

हे सगळं आम्ही मुकाट मान्य केलं होतं, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी सरावात आमच्या पुढं निघालेला बावीस वर्षांचा एक मुलगा चढावर सायकलवरून उतरला, कठड्याला टेकून बसला आणि उठलाच नाही. त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली मीच लावली होती. टिकली आली तेव्हा पहिली सही माझी होती.

मिसबाला घेऊन मी मिरजेला आफळेबाईंकडे गेले. हृदयाच्या डॉक्टर, स्वतः सायकल चालवणाऱ्या. त्यांनी इको केला, पळवून पाहिलं, एमआरआय काढला. सगळं स्वच्छ.

"मग शेरा काढा की," मी म्हणाले.

"मी कशी काढू? मला जे दोन वर्षांनी दिसेल ते टिकलीला आज दिसतं, म्हणून तर ती आणली. माझ्या तपासण्या स्वच्छ आहेत याचा अर्थ एवढाच की मला अजून दिसत नाही."

"म्हणजे पोरीनं काय करायचं?"

"जपायचं," आफळेबाई म्हणाल्या, आणि मिसबानं मान हलवली.

त्या एका शब्दानं पोरीची वाट लावली. आठवडाभरात तिचं चालणं बदललं. दोन बोटं सारखी मानेच्या शिरेवर. बोलता बोलता थांबायची, ओठ हलायचे, ठोके मोजायची. तिच्या अम्मीचा मला फोन आला, "तेजूताई, ही जिना चढत नाही हो. खालीच झोपते." मी तिला दोन शब्द सुनावले, लाडानं समजावलं, काही उपयोग झाला नाही. यंत्र खोटं बोलतंय असं मी दहादा म्हणाले, पण तीन वर्षं यंत्राचे गोडवे गाणारीही मीच होते. ती कुठल्या तेजूताईवर विश्वास ठेवणार?

शर्यतीला चौदा दिवस उरले होते. दुपारी दुकानात मास्तरांनी माझ्या हातात एक डबी दिली.

"ही घाल दोन दिवस. सोमवारी नवी पोरगी येतीय, तिची हाय."

आता ही आमच्या मंडळाची रीत. नव्या पोरीची सीट आधी थोरलीनं शंभर किलोमीटर वापरायची, मुरवून द्यायची. नवं कातडं बोचतं, मांड्या सोलून निघतात. लोणचं असो नाहीतर सीट, मुरल्याशिवाय वाढू नये, असं मास्तर म्हणतात. टिकली आली तशी तिलाही आम्ही याच रीतीत ओढलं. नव्या टिकलीचा चिकटा पहिले दोन दिवस कातडीची आग आग करतो, चट्टे उठतात. दोन दिवस थोरलीनं अंगावर वागवली की तो मवाळ होतो. मग स्पिरिटनं पुसायची आणि धाकटीला लावायची. यात चोरी नव्हती, मायाच होती. माझ्या थोरलीनं माझ्यासाठी केलं, यंदा मी मिसबासाठी केलं.

मी टिकली छातीला लावली. लावल्याबरोबर टॅबवर एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागला.

"मास्तर, हे काय?"

"चालू झाली असंल."

"मी बटण दाबलेलं नाही."

मास्तरांनी डबीतली पुस्तिका काढली, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. यंदाच्या नमुन्याला बटण नव्हतंच. कातडीला लागताक्षणी ती शिकायला सुरुवात करते, असं दुसऱ्याच पानावर छापलं होतं. जुन्या टिकलीला बटण होतं, आणि ते धाकटी आपल्या हातानं दाबायची. फरक आम्हा दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. पुस्तिका वाचायची नाही, हीही आमच्या मंडळाची रीतच म्हणा.

मी टिकली ओरबाडून काढली. "मिसबाची मी मुरवली होती. यंदाचीच होती ती."

"व्हय."

"पहिले दोन दिवस तिनं माझं हृदय वाचलंय, मास्तर. पाया माझा आहे."

मास्तर स्टुलावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "दोन माणसांची भेसळ झाली म्हणून यंत्र गोंधळलं असंल. तुझी स्वतःची टिकली तीन वर्षं हिरवीच हाय की."

तेही खरं होतं. मी ते घट्ट धरून ठेवलं आणि बाहेर येऊन आफळेबाईंना फोन लावला. सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, जुनी टिकली चुकू शकते का?

"चुकत नाही, सवय लागते तिला," त्या म्हणाल्या. "ती रोज थोडं थोडं नव्यानं शिकते, कारण माणूस रोज थोडा बदलतो. पण बिघाड जर अगदी सावकाश होत गेला, तर ती त्यालाही माणसाचा स्वभाव समजते. घरातल्यांना पोर वाढलेलं कळत नाही, पाहुण्याला कळतं, तसं. म्हणून दर दोन वर्षांनी नवी टिकली लावून ताडून पाहा असं मी महासंघाला लिहिलंय. ऐकतंय कोण? का गं, कुणाचं विचारतेस?"

"असंच," मी म्हणाले.

संध्याकाळी घरी नवऱ्याला विचारलं. महावीर आष्ट्याच्या शाळेत गणित शिकवतो, बोलायला मोजका. "मी हल्ली दमते का?"

"दमतेस की. भाकऱ्या थापताना मध्येच ओट्याला टेकतेस."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. मला वाटलं, वय."

त्याच्यावर मी इतकी चिडले की ताट तसंच ठेवून उठले. चिडण्यासारखं त्यानं काहीच केलं नव्हतं.

पाया दुसऱ्याचा निघाला तर शेरा काढून घ्यायचा नियम साधा होता. ते दोन दिवस टिकलीखाली कुणाचं हृदय होतं ते लिहून द्यायचं. मग त्या माणसानं आणि मिसबानं, दोघींनी डॉक्टरांसमोर कोऱ्या टिकल्या लावायच्या. आठ दिवस टिकलीचे, तीन दिवस महासंघाच्या शिक्क्याचे. चौदातून अकरा गेले, हातात उरले तीन. तीन दिवसांत मी बोलले तर मिसबा शर्यतीला उभी राहू शकत होती. आणि मी? कोऱ्या टिकलीनं माझ्यावर लाल शेरा मारला तर मी संपले, कायमची.

मास्तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तू म्हणशील तसं, तेजू. पण शर्यत झाल्यावर सांगितलंस तरी मिसबाचं काय जात नाही. ती एकोणीसची हाय. तुझी ही शेवटची." बोलताना ते एका चाकाच्या तारा घट्ट करत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

मला त्यांचं पटलं. लाज वाटते सांगायला, पण पटलं, आणि बरंही वाटलं.

मी दंडोबावर गेले. जुन्या टिकलीचा हिरवा दिवा बघत बघत चढले. वर पोचल्यावर सायकल आडवी टाकून गवतात बसले, पाच मिनिटं. नेहमी बसायचेच. किती दिवसांपासून नेहमी, ते काही आठवेना. उतरले, पुन्हा चढले. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवा हिरवाच, आणि मला त्या हिरव्याची भीती वाटायला लागली. जेवताना, अंघोळीला, वर्गणीच्या पावत्या फाडताना, कुठंही बसलं तरी बूड टेकत नव्हतं. हात आपोआप छातीवर जायचा आणि मी तो रागानं खाली घ्यायचे. कुठल्या तोंडानं मिसबाला रागावत होते मी?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजेला गेले. जाताना ठरवलं होतं की नुसतं भेटून यायचं. मिसबाचे अब्बा सतारी बनवतात. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा कारखाना, भिंतीला ओळीनं भोपळे टांगलेले. त्या भोपळ्यांखाली लाकडाच्या भुशात मिसबानं गादी टाकली होती. मांडीवर वही होती. तिनं ती माझ्यापुढं केली. दर अर्ध्या तासाचे ठोके लिहिले होते, बाथरूमला जाऊन आल्याचे वेगळे.

"ताई, खरं सांग," ती म्हणाली. "त्या मुलाला तू पाणी पाजत होतीस ना, त्याला आधी काही जाणवलं होतं का? की एकदमच?"

मी तिच्या गादीच्या कडेला बसले. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. मुरवणं, बटण, पुस्तिका, आफळेबाईंचा फोन, महावीरच्या भाकऱ्या. "तुझ्या हृदयाला काही झालेलं नाही. तो पाया माझा आहे. तो लाल शेरा माझा आहे, मिसबा."

तिनं वही परत आपल्या मांडीवर ओढली. मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तीन दिवस झाले."

"तीन दिवस तू काय केलंस?"

"दंडोबावर जात होते."

तिनं वही मिटली. "मी त्या आकड्यांना भिऊन जिना चढत नव्हते," ती म्हणाली, "आणि तू ते आकडे छातीत घेऊन डोंगर चढत होतीस. मेली असतीस तर मला कुणी सांगितलं असतं?"

मला वाटलं होतं ती शर्यतीवरून चिडेल. त्यावर सांगायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आफळेबाईंकडे जाईपर्यंत रिक्षात माझ्या शेजारी बसून होती, पण तोंड बाहेर.

कोऱ्या टिकल्या दोघींनी एकाच वेळी लावल्या. दोन दिवसांनी सकाळी आफळेबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. टॅब दाखवायची गरज पडली नाही, त्यांनी दार लावलं तेव्हाच मला कळलं. मग काढलेल्या एमआरआयमध्ये माझ्या हृदयाच्या स्नायूवर व्रण दिसला. दोन वर्षांपूर्वी मला कडक ताप आला होता आणि पाचव्या दिवशी मी सायकलवर बसले होते. अभिमानानं सांगायचे मी ती गोष्ट, नव्या पोरींना. तापात हृदय सुजलं होतं आणि मी त्याला निजू दिलं नव्हतं.

"चालता येईल, संसार करता येईल," त्या म्हणाल्या. "औषधं चालू करू. शर्यत नाही."

"हळू चालवली तर?"

"तुला हळू चालवता येते का?"

मी जिन्यात बसून रडले. ओक्साबोक्शी रडले, येणारेजाणारे बघत होते. जिवंत आहे याचा आनंद वगैरे काही झाला नाही. मला ती शर्यत हवी होती.

मिसबाची मर्यादा आली, एकशे ब्याण्णव. शेरा निघाला, शिक्का शर्यतीच्या आदल्या दिवशी आला.

शर्यतीत मी मास्तरांच्या गाडीत होते, खेळाडूंच्या मागं, मांडीवर टॅब आणि कानाला माईक. पोफळीपर्यंत मिसबा पुढच्या घोळक्यात होती. घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर तिनं पुढच्या बाईचं चाक सोडलं. एक बाई तिला मागं टाकून गेली, मग दुसरी, मग आणखी तिघी.

"काय झालं हिला?" मास्तर म्हणाले.

टॅबवर ठोके होते एकशे बावन्न. दिवा हिरवागार. काहीच झालं नव्हतं तिला.

"मिसबा, चाक का सोडलंस?" मी माईकवर विचारलं.

अकरा दिवसांत पहिल्यांदा तिनं मला उत्तर दिलं. "छातीत धडधडतंय."

"धडधडणारच. घाट आहे तो. तुला अजून चाळीस ठोके मोकळे आहेत."

"कुणी सांगितलं? टिकलीनं?"

काय सांगणार? ज्या यंत्रानं तिला भोपळ्यांखाली झोपवलं त्याच्याच भरवशावर जा म्हणून सांगायचं होतं, आणि तेही मी. पुढच्या वळणावर आणखी एक बाई तिच्या पुढं गेली. मग मला टिकलीच्या आधीचे दिवस आठवले. तेव्हा मास्तर सगळ्यांना चढावर बोलायला लावायचे. धड वाक्य बोलता येतंय तोवर अंगात दम शिल्लक आहे.

"टिकली राहू दे," मी म्हणाले. "दिव्याकडे बघूच नकोस. माझ्याशी बोल. तोंडातून वाक्य निघतंय तोवर तुला काही होत नाही, हे आफळेबाईंनाही विचार."

"काय बोलू?"

"मला शिव्या घाल. तीन दिवसांच्या राहिल्यात."

मग ती म्हणाली, "तू स्वार्थी आहेस."

"बरं. पुढं."

"तू मला म्हणालीस यंत्र फुटकं आहे, आणि तुला कळल्यावर तू गप्प बसलीस. अम्मी रोज माझ्यासाठी दुवा मागत होती, आणि तू गप्प बसलीस." एकशे त्रेसष्ट. "मी तुझ्यासाठी पावसात, उन्हात, पुढं राहून वारा खाल्ला. एकदा तरी म्हणाले का नको म्हणून?" एकशे एकाहत्तर. तिनं एकीला गाठलं आणि बोलत बोलतच मागं टाकलं. "मला वाटायचं मोठी झाल्यावर तुझ्यासारखं व्हायचं. आता नाही वाटत. ऐकतेयस का?"

"ऐकतेय."

"तू आधी मला सांगायला हवं होतंस. शर्यत गेली असती तर गेली असती." एकशे अठ्ठ्याहत्तर, दिवा पिवळा. वाक्यं तुटायला लागली होती. "मी तुला... एकटीला... तिथं वर... जाऊ दिलं नसतं..."

मग आवाज थांबला. कानात फक्त तिचा श्वास, मोठा, एकसारखा. एकशे त्र्याऐंशी. तिनं पेडलवर उभं राहून आणखी दोघींना गाठलं. बोलण्याची मर्यादा ती ओलांडून गेली होती आणि आता मला सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. मीही माईक बंद केला. एकशे शहाऐंशी झाले, एकशे सत्त्याऐंशीवर आकडा ठरला. पुढं तीन बायका होत्या, मग दोनच राहिल्या. ती वळणाआड गेली.

मला तिचा हेवा वाटला. इतका वाटला की दात आवळून धरावे लागले. आणि मला कळायच्या आत हात छातीवर गेला होता.

मास्तरांनी ते पाहिलं. गाडीचा वेग कमी करत त्यांनी विचारलं, "तेजू, बरं वाटतंय न्हवं तुला?"

"नाही वाटत," मी म्हणाले. "गाडी जरा पुढं घ्या, मला ती दिसत नाहीये."